जीवन प्रमाण ॲपमध्ये ‘चेहरा जुळत नाही’: माझा अनुभव

आईचं वय ८१. भाकऱ्या थापून बोटांच्या रेषा गेलेल्या, त्यामुळे हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लागेना. म्हणून मोबाईलवर चेहऱ्याने करायचं ठरवलं (ही सोय २०२१ पासून आहे). तर प्रत्येक वेळी चेहरा जुळत नाही!

चष्मा काढला, दिवे लावले, ॲप काढून परत टाकलं. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

घोळ माझाच होता. पहिल्या पायरीला ऑपरेटरचा, म्हणजे ॲप चालवणाऱ्याचा, आधार क्रमांक मागतात. तो मी माझा टाकला आणि कॅमेरा आईपुढे धरला. जुळणार कसा?

नीट क्रम असा: आधी प्ले स्टोअरवरून ‘आधार फेस आरडी’ हे चेहरा तपासणारं ॲप घ्या. त्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही, ते आतूनच चालतं. पुन्हा पुन्हा शोधू नका. मग ‘जीवन प्रमाण’ घ्या. ऑपरेटर म्हणून स्वतःचा आधार, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि स्वतःचाच चेहरा. एवढं झालं की मग पेन्शनरचा आधार, ओटीपी. पुढे पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शन देणारी बँक, खाते क्रमांक. हे पासबुकावरून बघूनच भरा. शेवटी पेन्शनरचा चेहरा.

आईला खिडकीकडे तोंड करून बसवलं, पदर डोक्यावरून खाली घ्यायला लावला. “आई, पापण्या मिटून उघड.” तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले, देवापुढे मिटतात तसे. दुसऱ्या खेपेला जमलं. प्रमाण क्रमांकाचा मेसेज लगेच आला.