विदर्भातल्या शिवारात माउंटचा ध्रुवाक्ष अचूक कसा लावावा

इक्वेटोरियल माउंटचा (ताऱ्यांचे फोटो काढताना दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या आधाराचा) मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर नसेल, तर कॅमेरा कितीही महाग असो, तारे लांबट येणारच. ५ कलांची (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) चूक असली तरी तारा मिनिटाला सव्वा विकलेपर्यंत (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) सरकू शकतो.

आधी जमीन बघा. काळ्या मातीत ट्रायपॉड रात्रभर रुतत राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मुरमाड जागा किंवा चोपलेलं खळं उत्तम. धुऱ्यावरच उभं राहायचं असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा. एक पाय उत्तरेला असू द्या. आपल्याकडे आकाशातला ध्रुव (पृथ्वीचा अक्ष जिकडे रोखलेला असतो तो बिंदू) खाली असतो, सिरोंच्यात क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, चिखलदऱ्यात सुमारे २१.४. त्यामुळे काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल साधणारं वजन) ट्रायपॉडच्या पायाला अडकण्याची भीती असते. क्लच (अक्ष घट्ट धरणारी कळ) सैल करून आधीच फिरवून बघा.

माउंटच्या पट्टीवर गावाचा अक्षांश लावा. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून ध्रुवतारा शोधा. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीहूनही जास्त. म्हणून त्याला मधोमध आणू नका. मोबाइल ॲप दाखवेल त्या जागी पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) वर्तुळावर बसवा.

लांब एक्स्पोजरसाठी एवढ्यावर थांबू नका. गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची आपोआप होणारी दुरुस्ती) बंद ठेवून याम्योत्तर वृत्ताजवळचा (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा), खगोलीय विषुववृत्तालगतचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेलगतचा) तारा रेघांच्या आयपीसमध्ये धरा. दुर्बीण किंचित उत्तरेला हलवली की तारा ज्या कडेला जातो ती दक्षिण. पाच मिनिटं बघा. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेला गेलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. दिगंशाचे (माउंट डावी-उजवीकडे वळवणारे) स्क्रू त्याप्रमाणे फिरवा. मग पूर्वेकडचा, क्षितिजापासून थोडा वर असलेला तारा धरा. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. दोन्ही पुन्हा एकदा करा, कारण एक सुधारताना दुसरं थोडं बिघडतं.

लॅपटॉप असेल तर काम झटपट होतं. शार्पकॅप या सॉफ्टवेअरला ध्रुवाजवळचं आकाश दिसावं लागतं. उत्तरेला आंब्याची झाडं आडवी येत असतील तर नीना या दुसऱ्या सॉफ्टवेअरची तीन बिंदूंची पद्धत वापरा, ती आकाशात कुठेही चालते. मात्र एवढ्या खालच्या ध्रुवाला वातावरणीय वक्रीभवन (हवेतून येताना प्रकाशाचं वाकणं) सुमारे अडीच कला वर उचलतं. सॉफ्टवेअरमध्ये ती दुरुस्ती चालू आहे का ते बघा.

शेवटी बोल्ट आवळा आणि लगेच पुन्हा तपासा. आवळतानाच अक्ष हमखास हलतो.