ठुशीचा फोटो काढायचा तर आधी खोली आवरा

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, बहुतेक पेढ्यांवर हल्ली एखादा पोरगा किंवा पोरगी असते, जिच्या गळ्यात दुकानाच्या इन्स्टाग्रामचं काम पडलेलं असतं. हातात चांगला मोबाईल, काउंटरवर लाल मखमलीचा ट्रे, डोक्यावर छतभर दिवे, आणि फोटो मात्र पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा. मग मला विचारतात, ‘दादा, लाइट कमी पडतोय का? रिंगलाइट घेऊ?’ नका घेऊ. लाइट उलट जास्त झालाय, आणि चहूबाजूंनी येतोय. कोल्हापुरात दागिन्यांचे फोटो काढणं हाच माझा धंदा, हुपरीची चांदीही माझ्याकडे येते; आणि कुठल्याही पेढीवर गेलो की माझं पहिलं काम असतं दिवे बंद करणं.

सगळ्यात छळणारा दागिना म्हणजे ठुशी. तिचा एक फोटो काढा आणि स्क्रीनवर दोन बोटांनी मोठा करून एकच मणी बघा. छतातले दिवे पांढऱ्या ठिपक्यांसारखे, खिडकीची चौकट, तुमचा चौकड्यांचा शर्ट, आणि मधोमध काळा मोबाईल धरलेले तुमचेच हात. मणी गोल, त्यामुळे जवळजवळ अख्खी खोली त्यात मावते. ठुशीत असे मणी दाटीने ओवलेले, म्हणजे तेवढ्या खोल्या! चकचकीत धातूचं रूप त्याच्यात काय दिसतंय त्यावर ठरतं. तेव्हा त्याला चांगलं काहीतरी दाखवायचं, एवढंच आपलं काम.

खोलीतले सगळे दिवे घालवा. टेबल खिडकीला आडवं लावा, उजेड डावीकडून किंवा उजवीकडून यावा. खिडकी तुमच्या पाठीशी नको, सावलीच पडत नाही आणि दागिना चपटा दिसतो. आता खिडकी आणि दागिन्याच्या मधे ट्रेसिंग पेपर ताणून उभा करा, दागिन्याच्या जितका जवळ नेता येईल तितका. मण्यात आता खिडकीच्या गजांऐवजी एक सलग पांढरा पट्टा दिसेल. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की अंधारी बाजूही उजळते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल असेल तर तोच वापरा, नवा आणायची गरज नाही.

दिव्यावर काढणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बरेच जण बटर पेपर थेट दिव्याला गुंडाळतात आणि म्हणतात, काही फरक पडला नाही. कसा पडेल? उजळलेला भाग अजून दिव्याएवढाच आहे. कागद दिव्यापासून हात-दीड हात पुढे, दागिन्याजवळ आणा. मग अख्खा कागद उजळतो आणि दागिन्याच्या लेखी तोच दिवा होतो. सावलीची कडा मऊ पडते ती दागिन्याला समोरचा उजेड किती मोठा दिसतो त्यावर. किती वॉटचा यावर नव्हे. भर दुपारचं ऊन कडक सावली पाडतं ते त्यामुळेच: सूर्य प्रचंड असला तरी आपल्याला इथून थाळीएवढाच दिसतो.

ठुशीला बाजूचा एक कागद पुरत नाही. वरूनही कागदाची कमान करून तंबूच उभारा आणि मोबाईलच्या लेन्सपुरतं भोक ठेवा. मोबाईल लांब धरा, दुपटीची किंवा तिपटीची लेन्स असेल तर ती वापरा. जवळून रुंद लेन्सने काढलात की मधले मणी फुगतात आणि मोबाईलची छबीही मोठी पडते. काचेवरची झळाळी पोलरायझर नावाचा फिल्टर कमी करतो म्हणून काही जण तो आणतात, पण नुसत्या धातूवरच्या प्रतिबिंबाला तो दाद देत नाही.

आता चांदी. तंबूत पैंजण ठेवलं की सगळं पांढरं फटक, चांदीऐवजी करडं प्लास्टिक वाटावं असं. इथे उजेड वाढवून उपयोग नाही, काळं आणा. काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि तंबूच्या आत, फोटोच्या चौकटीबाहेर उभ्या करा. घुंगराच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि त्याचा गोलवा दिसायला लागतो. पट्टी सुतासुताने सरकवत स्क्रीनकडे बघत राहा. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

रंगाची भानगड वेगळी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. पिवळा दिवा साधारण 2700 ते 3000 केल्विनचा, कूल व्हाइट 6500चा, दुपारचं ऊन 5500च्या आसपास. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की साजाची एक बाजू तांब्यासारखी आणि दुसरी निळसर होते, आणि मग कुठलंही ॲप दोन्ही बाजू सुधारू शकत नाही. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. समोर सगळं पिवळंच दिसलं की मोबाईल पिवळेपणा काढून टाकायला बघतो. आणि ती लाल मखमल बाजूला ठेवा! तिचा रंग सोन्याच्या खालच्या अंगात उतरतो. मालक रागावतात, पण हस्तिदंती किंवा फिकट करड्या कागदावर सोनं जास्त खरं दिसतं. पांढऱ्या कागदावर मोबाईल फोटो काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण-एक पायरी वर घ्या. काळ्यावर तेवढंच खाली.

दिव्याचं अंतरही मोजूनमापून ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिवा साजाच्या एका टोकापासून 30 सेंटिमीटरवर आणि साज तिथून पुढे 30 सेंटिमीटर पसरलेला, तर लांबच्या टोकाला जवळच्या मानाने चौथाईच उजेड पोचतो. दिवा 90 सेंटिमीटरवर न्या, लांबच्या टोकाला निम्म्याहून जास्त मिळेल. मात्र दिवा मागे गेला की कागद मोठा घ्यावा लागतो, नाहीतर सावली पुन्हा कडक. स्क्रीनवर आडवे पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद करा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो.

उत्तरेची खिडकी घ्या, तिथून ऊन येत नाही, असं परदेशी व्हिडिओत सांगतात. त्यांच्याकडे बरोबर आहे. कोल्हापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरीप आत येतेच. तेवढे दिवस कागद लावा. पावसाची झड लागली असेल तर प्रश्नच नाही, अख्खं आभाळ पांढरा कागद असतं. पेढीवर गर्दी नसते, कामं तेव्हाच उरकून घ्यावीत.

राहिली नथ. मोत्याला मऊ उजेड हवा, खड्याला नेमका उलटा: लहान आणि कडक, नाहीतर तो काचेसारखा मेलेला दिसतो. मी मोत्यांसाठी तंबू तसाच ठेवतो आणि वरच्या कागदाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडून तिथून छोटी टॉर्च मारतो. टॉर्चचा पांढरा खिडकीच्या उजेडाशी जुळणारा हवा. मोबाईल स्टँडवर, टायमर दोन सेकंदांचा, आणि टॉर्च हातात धरून हळूहळू फिरवत पाच-सहा फोटो घ्या. ज्यात लाल खडा पेटतो आणि मोत्यावर टॉर्चचा ठिपका अगदी बारीक राहतो, तो ठेवा.