उन्हाळ्यात गाडी गरम होतेय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की फोन सुरू होतात, "गाडी गरम होतेय, रेडिएटर बदलू का?" अरे बाबा, आधी गरम कधी होते ते तर सांग. उभी असताना की पळताना? हे कोणी बघतच नाही, सरळ पार्टच्या दुकानात. सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, तर बहुतेक वेळा रेडिएटरच्या फॅनचा घोळ असतो, म्हणजे फ्यूज, रिले, सेन्सर नाहीतर मोटर. उलट गावात ठीक आणि हायवेला किंवा घाटात चढतो, तर पाणी कमी असेल, रेडिएटर चोक असेल, थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारा व्हॉल्व) अडकला असेल किंवा वॉटर पंप गेला असेल. एवढं बघायला एक रुपया लागत नाही.

फॅनसाठी मी एसी लावून बॉनेट उघडतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन लागतोच. लागला म्हणजे मोटर जिवंत आहे. मग एसी बंद करून गाडी तशीच उभी चालू ठेवायची, काटा मध्याच्या वर गेला तरी फॅन लागत नसेल तर सेन्सर आणि वायरिंग बघा. हात मात्र लांब, इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक फिरतो. आणि "फॅन डायरेक्ट करून टाकू" (म्हणजे सेन्सर सोडून कायम चालू) म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

आता माझं डोकं फिरवणारी चूक: थर्मोस्टॅट काढून टाकणं. "व्हॉल्व काढला, आता बापजन्मात गरम होणार नाही" हे वाक्य आमच्याकडे अकोल्यात प्रत्येक दुसऱ्या गॅरेजात ऐकायला मिळतं. हा व्हॉल्व साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी आतल्या आत फिरवतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद पण करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी, म्हणजे गरम पाण्यातलं काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात!

माझ्या साडूच्या डिझेल गाडीचं हेच केलं होतं एका मिस्त्रीनं. हिवाळाभर काटा वर यायचाच नाही, साडू खूश, अॅव्हरेज पडलंय याकडे लक्षच नाही. मग मे महिन्यात घरचे सगळे, सामान, एसी फुल आणि परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट. अर्ध्या चढावर काटा लालमध्ये. यांनी काय करावं, गाडी बंद केली आणि प्यायचं गार पाणी तापलेल्या इंजिनावर ओतलं! हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याच्याखालचं गॅस्केट म्हणजे सील गेलं, गाडी टोचन करून आणली, हेड मशीनवर घासून सपाट करावं लागलं. आणि मूळ दुखणं निघालं रेडिएटरचं. उघडला तर अर्ध्या नळ्या बंद, गिझरच्या कॉईलवर बसतो तसा पांढरा थर, कारण वर्षानुवर्षं त्यात बोअरचं पाणी. रेडिएटरच्या पुढच्या, एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू, ते वेगळंच. थर्मोस्टॅट बिचारा चांगला होता हो.

म्हणून बोअरचं पाणी नकोच. कॉन्सन्ट्रेट (पातळ न केलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. साधं पाणी १०० ला उकळतं, हे मिश्रण झाकणाच्या प्रेशरखाली १२० च्या पुढे जातं, शिवाय गंज धरत नाही. नुसतं कूलंट जास्त चांगलं असं समजून पातळ न करता ओतणारे पण भेटतात, त्यानं उष्णता उलट कमी वाहून जाते. रस्त्यात अडचण आली तर साधं पाणी टाका, पण नंतर ते काढून रेडिएटर आतून धुऊन (फ्लश) घ्या. हे "नंतर" कोणी करत नाही, घाई सगळ्यांनाच असते.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, चहा प्या. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला, प्रेशर टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल. घाम निघेल, पण इंजिनातली उष्णता आत येते आणि गाडी बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो. काटा एकदम खाली पडला तर खूश होऊ नका, पाणी संपून सेन्सर कोरडा पडला असेल तरी असं होतं.

रोज सकाळी कूलंटच्या टाकीत पाणी टाकताय आणि खाली थेंब दिसत नाही? आधी पायाखालचं कार्पेट चाचपा, हीटरची जाळी गळत असेल. तिथंही कोरडं असेल आणि ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल, तर बहुधा गॅस्केट गेलंय. मग "गॅरेजपर्यंत चालवत नेतो" नको, टोइंगवाल्याला फोन करा.