मांडवातलं एईडी

मांडव, लाइटिंग, आरतीचा क्रम हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गणेश मंडळांना शिकवायला नको. यंदाच्या यादीत एईडी मशीन, म्हणजे हृदय अचानक बंद पडलेल्याला छातीवरून विजेचा शॉक देणारं यंत्र, असेल तर ते कुठे राहील हे आधी ठरवा. खजिनदाराच्या कपाटात मुळीच नको. हृदय अचानक थांबलं आणि काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि किल्लीवाला नेमका प्रसाद आणायला गेलेला असतो. स्टेजशेजारी, पावसापासून आडोशाला, मोठी पाटी लावून ठेवा. बॅटरीचा दिवा हिरवा आहे ना, छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत संपली नाही ना, हे स्थापनेआधी पाहा. सोबत कात्री, रेझर, टॉवेल ठेवा, कारण पॅड घामट किंवा केसाळ छातीला नीट चिकटत नाहीत. एक चादरही हवी. बाई कोसळली तर ब्लाउज कापावा लागतो, तेव्हा संकोचात वेळ जायला नको. आडोसा धरायला दोघी असल्या की झालं.

प्रत्येक पाळीत तिघांची नावं फळ्यावर लिहा: छाती दाबणारा, मशीन आणणारा, १०८ला फोन करून गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा. सयाजी हॉस्पिटल जवळ आहे खरं, पण गर्दीतून गाडी आत कशी येणार? ढोल थांबवायचा हुकूम कोणाचा, तेही ठरवा. मशीन बोलून सूचना देतं, ते ऐकू आलं पाहिजे. कोणत्या भाषेत बोलतं, हे एकदा सगळ्यांनी ऐकून घ्या.

'उपास होता, चक्कर आली असेल' म्हणत पाणी शिंपडणारे असतातच. हाक मारून ओ नाही आणि श्वास नाही, की लगेच छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. हे डमीवर करून पाहा, वाचून हात बसत नाही. मशीनला घाबरू नका, गरज नसेल तर ते शॉक देतच नाही. शॉकच्या वेळी सगळे बाजूला, आणि लगेच पुन्हा दाबायला सुरुवात.

विसर्जनाला मशीन ट्रॅक्टरवर बांधू नका. चालणाऱ्या एकाच्या खांद्यावर द्या आणि त्या दिवशी त्याच्या हातात ढोल देऊ नका.