वरच्या जबड्यात कृत्रिम हाडाची भर : रुग्णाने काय पाहावे, काय विचारावे

वरची दाढ काढून बराच काळ लोटला की तिच्या जागचे हाड झिजते, वरून सायनसची म्हणजे नाकाशेजारील हवेची पोकळी खाली उतरते आणि इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात रोवायचा स्क्रू) बसवायला पुरेशी उंची उरत नाही. अशा वेळी सायनसच्या अस्तराखाली कृत्रिम हाडाची भर घालतात. म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय एक्स-रे चित्रण) करून घ्यावा व उरलेल्या हाडाची उंची डॉक्टरांकडून मिलिमीटरमध्येच समजून घ्यावी. ती साधारण 5 मिलिमीटर किंवा अधिक असल्यास भर आणि इम्प्लांट बहुधा एकाच बैठकीत होतात. बरीच कमी असल्यास आधी भर घालून थांबावे लागते. निर्णय पटत नसेल, तर नाशिकच्या पंचवटीतील दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी स्कॅन दाखवून दुसरे मत अवश्य घ्यावे.

कृत्रिम भर म्हणजे बहुधा हायड्रॉक्सिअपटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कॅल्शियमयुक्त पदार्थांचे दाणे. ते स्वतः हाड तयार करत नाहीत. मांडवावर द्राक्षवेल चढावी, तसे आपलेच हाड त्यांच्या आधाराने वाढते. दुसरा घटक हळूहळू विरघळतो, पहिला दीर्घकाळ टिकून जागा राखतो. प्राणिजन्य पदार्थ नको म्हणून अनेक जण ही भर निवडतात. परंतु तिच्यावर झाकायचा कोलॅजेन या प्रथिनाचा पडदा बऱ्याचदा गायीच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेला असतो. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट विचारावे. नंतर कळण्याने मनस्ताप होतो.

मधुमेह, जुनी सर्दी, रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे, तंबाखू आणि मिश्री यांची माहिती लपवू नये. औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेनंतरचे सुमारे दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात, कारण सायनसचे अस्तर अतिशय पातळ असते आणि नाकातील दाबाने ते फाटू शकते. नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, स्ट्रॉने पिऊ नये. रामकुंडात बुडी मारणे आणि ओझरहून विमानप्रवास डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावा. तिखट, गरम मिसळही तोवर नको. पहिले एक-दोन दिवस नाकातून किंचित रक्त आल्यास घाबरू नये. परंतु दाणे बाहेर आले, पाणी पिताना नाकात गेले किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आधी केवळ भर घातली असेल, तर ती पक्की होण्यास साधारण 6 ते 9 महिने लागतात. घरात लग्नकार्य आहे म्हणून घाई करण्यास डॉक्टरांना भाग पाडू नये. हाड तयार झाल्याची खात्री पटल्यावरच इम्प्लांटची तारीख ठरवावी.