मुलाखतीत ‘आम्ही’ म्हणू नका (आणि नुसतं ‘मी मी’ही नको)

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी लागेपर्यंत मी 11 मुलाखती दिल्या. आठ पुण्या-चाकणला, तीन इथेच सोलापुरात. बायोडाटा एका पानात बसवावा, वेळेआधी पोचावं, कंपनी काय बनवते ते बघून जावं, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. मला एकच गोष्ट सांगायची आहे. नवव्या मुलाखतीपर्यंत ती मला कुणी सांगितली नाही. सांगितली असती तर माझं वर्ष वाचलं असतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडील ज्या कारखान्यात टॉवेलच्या मागावर होते, तिथेच परवानगी मिळाली. माग कशाकशाने थांबतो ते मोजायचं होतं. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तुकडा; त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो. सूत तुटलं तरी थांबतो. एक विणकर तीन-चार माग सांभाळतो, त्यामुळे तो दुसरीकडे अडकला असेल तर थांबलेला माग तसाच उभा राहतो. मी आठ दिवस वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन त्या खडखडाटात उभी होते. रात्री झोपेतही कान वाजायचे. सगळ्यांना वाटत होतं की जास्त वेळ सूत तुटण्यात जातो. निघालं असं की त्याहून जास्त वेळ भरलेली कांडी शोधण्यात जात होता. कांड्यांची टोपली एका कोपऱ्यात होती. त्याऐवजी प्रत्येक मागापाशी एक टोपली ठेवली. पाळीला साधारण 70 मिनिटं माग उभा राहायचा, ते 45 वर आलं.

आता चाकणच्या पहिल्या मुलाखतीत मी हे कसं सांगितलं ते बघा. “सर, आम्ही पॉवरलूमचा अभ्यास केला. आम्ही नोंदी घेतल्या. त्यानंतर त्यांचं विश्लेषण करण्यात आलं आणि सुधारणा सुचवण्यात आल्या.”

त्यांनी विचारलं, “टीम किती जणांची?”

“चार.”

“त्यात तुम्ही काय केलंत?”

“सर, सगळं आम्ही मिळूनच केलं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, छान, आपण टीमवर्क दाखवलं. परतीच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा की चांगली झाली म्हणून.

त्या माणसाच्या जागी बसून बघा. एकाच प्रोजेक्टवरची चार मुलं त्याच्यासमोर येऊ शकतात आणि चौघंही ‘आम्ही’ म्हणतात. चौघांपैकी कुणीतरी आठ दिवस कारखान्यात उभं राहिलंय आणि कुणीतरी फक्त रिपोर्टची स्पायरल बाइंडिंग करून आणलीय. कोण कुठला हे ओळखणं त्याचं काम नाही. तो तर्क करत बसणार नाही, पुढच्या उमेदवाराला बोलावणार. ‘सगळं मिळून केलं’ म्हणजे त्याच्या कानाला ‘हिने काही केलेलं नाही’. हे मला कळलं नाही, कारण आमच्या घरात याच्या बरोबर उलट शिकवलं जातं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बोलतात. तेलुगूत ‘आम्ही’ला ‘मेमु’ आणि ‘आपण’ला ‘मनमु’. मराठीतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन. म्हणजे स्वतःला लपवायला माझ्याकडे दोन भाषांत मिळून चार शब्द होते. लहानपणी ‘हे मी केलं’ म्हटलं की आजी म्हणायची, फार मीपणा आलाय हिच्यात. आई विड्या वळते. दिवसभर पाठ मोडून संध्याकाळी म्हणते, “आज हजार झाल्या.” झाल्या! मी वळल्या असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. जणू तेंदूची पानं आपली आपण गुंडाळली गेली.

त्यामुळे ‘आम्ही’ टाळलं तरी सुटका होत नाही. ‘नोंदी घेतल्या गेल्या’, ‘सुधारणा करण्यात आली’, ‘काम झालं’ हा त्याच सापळ्याचा दुसरा दात. आपण शाळेपासून अर्ज आणि अहवाल याच भाषेत लिहितो. तोंडी बोलताना घाबरलो की तीच भाषा आपोआप बाहेर पडते. इंग्रजीत तर जास्तच. माझ्या दोन वाक्यांत ‘वॉज डन’ तीनदा यायचं.

हे मला दाखवलं एका एचआरच्या मॅडमनी. नवव्या मुलाखतीत त्यांनी नकार दिला, वर सांगितलं, “काम चांगलं वाटतंय, पण ते कुणाचं आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.” वर्षभरात कामाचं बोललेली तेवढी एकच व्यक्ती. मार्गदर्शन म्हणून मी त्याआधी एका क्लासला 3,500 रुपये दिले होते. तिथे 40 प्रश्नांची छापील उत्तरं आणि ‘तुमची कमजोरी काय’ला ‘मी कामात फार परफेक्शन बघते’ हे मिळालं. माझ्या बॅचच्या सगळ्यांची कमजोरी तीच होती. असल्या क्लासला पैसे देऊ नका. अगदी द्यायचेच असतील तर त्या पैशांत पुण्याच्या पाच-सहा फेऱ्या करा आणि खऱ्या मुलाखतीत आपटा, जास्त शिकाल.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, तेही सांगते. दहाव्या मुलाखतीत ठरवून सगळीकडे ‘मी’ लावलं. नोंदी मी घेतल्या, टोपल्या मी हलवल्या, मागाचे फेरे मोजणारा सेन्सरही मी बसवला. सेन्सर माझ्या मैत्रिणीने बसवला होता. समोरच्याने शांतपणे विचारलं, “इंडक्टिव्ह होता का? धातूपासून किती अंतरावर ठेवलात?” मला घाम फुटला. ‘आम्ही’ म्हणून नोकरी गेली तर निदान झोप तरी लागते. त्या रात्री लागली नाही.

आता भावंडांना मी जे करायला लावते ते साधं आहे. प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप कागदावर दहा-बारा वाक्यांत लिहायची. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि बाजूला नाव लिहायचं, हे कुणी केलं. जिथे नाव लिहिता येत नाही, तिथे ‘झालं’ आणि ‘करण्यात आलं’ लपून बसलेलं असतं. मग आपल्या नावासमोरच्या वाक्यांवर स्वतःलाच तीन प्रश्न विचारायचे: असंच का केलं, दुसरं काय करता आलं असतं, चुकलं कुठे. मुलाखतीत मग असं निघतं: “प्रोजेक्ट चौघांचा होता. थांबण्याच्या नोंदी आणि त्यांची कारणं वेगळी करणं माझ्याकडे होतं. सेन्सर माझ्या मैत्रिणीने बसवला, त्यातलं मला थोडंच सांगता येईल.” शेवटच्या वाक्याची भीती वाटते. वाटू दे. त्या वाक्यामुळेच आधीच्या दोन वाक्यांवर समोरचा विश्वास ठेवतो.

तुम्हाला ‘स्टार’ पद्धत कुणीतरी सांगितली असेलच: परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल. ती चुकीची नाही, पण आपण परिस्थितीतच दोन मिनिटं घालवतो. सोलापूर हे कापड उद्योगाचं शहर आहे, इथून सुरुवात करतो. त्यापेक्षा कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बघा. माग बंद पडला आणि मालक समोर आला की तो म्हणतो, “दोन नंबर बंद आहे. पिकिंग स्टिक तुटली. दुपारपर्यंत चालू करतो.” काय झालं, का झालं, मी काय करणार. मालकाने पुढे विचारलं तर तासभर सांगेल, नाही विचारलं तर स्क्रू पिळायला लागेल. माझ्या दृष्टीने बोलण्याचा यापेक्षा चांगला गुरू नाही, आणि तो फी घेत नाही.

अकरावी मुलाखत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होती. तोवर मी मागाचा प्रोजेक्ट थोडा दडवूनच सांगायचे. गाड्यांच्या कंपनीला टॉवेलचं काय कौतुक, असं वाटायचं. (सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आम्ही पुण्यात गावाचं नाव दबक्या आवाजात सांगतो!) प्लँट मॅनेजरनी विचारलंच, “माग आणि आमची सीएनसी मशीन, संबंध काय?”

मी म्हटलं, “सर, तुमचं मशीनही दर वेळी बिघाड होऊनच थांबत नसेल. कधी माल आलेला नसतो, कधी ऑपरेटर दुसऱ्या मशीनवर असतो. मी आठ दिवस मागावर ही कारणं वेगळी करून मोजली. थांबण्याचा वेळ पाळीला 25 मिनिटांनी कमी झाला. तेच काम मला इथे करता येईल.”

ते हसले आणि म्हणाले, टोयोटा कुठून सुरू झाली माहीत आहे का? मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. टोयोटा ज्यांच्या कंपनीतून निघाली, त्या साकिची टोयोदा यांनी मागच बनवले होते. 1924 चा त्यांचा टाइप जी माग न थांबता धोटा बदलायचा, सूत तुटलं की आपोआप थांबायचा. अडचणीचं मूळ सापडेपर्यंत ‘पाच वेळा “का?” विचारा’ ही पद्धतही त्यांच्याच नावाने सांगतात. म्हणजे ज्या मागाची मला लाज वाटत होती, त्यांच्या धंद्याची मुळं तिथेच होती. नोकरी मिळाली ती या गोष्टीमुळे नाही, ती तर त्यांनीच मला सांगितली. पण समोरच्याची अडचण आणि आपलं काम एका वाक्यात जोडायचं असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

बाकीचं भराभर. सकाळची हुतात्मा पुण्यात पोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात, तिथून चाकण लांब आहे. दुपारची वेळ मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात. इंग्रजीत अडकलात तर ‘हे हिंदीत सांगू का’ विचारा; शॉपफ्लोअरच्या जागेसाठी मला कुणी नाही म्हटलं नाही. ‘मायसेल्फ’ने सुरुवात करू नका. पगाराचा आकडा बाहेर विचारून ठेवा, ‘तुम्ही द्याल तो’ म्हणू नका. मुलींना लग्नाचं विचारतात. “कामाच्या वेळा आणि शिफ्ट मला मान्य आहेत” एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. त्यावर वाद घालून मी एक मुलाखत घालवली. वाद बरोबर होता, नोकरी गेली ती गेलीच.

आणि नकार आला म्हणजे तुम्हाला बोलता येत नाही असं समजू नका. कधी जागा आधीच भरलेली असते. आता मी कधीकधी टेबलाच्या पलीकडे बसते, तेव्हा हे दिसतं. हेही दिसतं की घाबरलेला मुलगा थांबून ‘एक मिनिट, विचार करून सांगतो’ म्हणाला तर कुणाचंच मत वाईट होत नाही. मला स्वतःला हे वाक्य म्हणायला दहा मुलाखती लागल्या.

गेल्या गड्ड्याच्या जत्रेला (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) घरी आले तेव्हा चुलत बहिणीची तयारी घेत होते. ती ‘आम्ही’ म्हणाली की मी बोट वर करायचे. आठ-नऊ वेळा बोट वर गेल्यावर ती एकदाची नीट बोलली: नोंदी मी घेतल्या, तक्ता मी केला, चूक मीच शोधली. पलीकडे आई सुपात तंबाखू घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, किती मी मी करतेस?”