इन्व्हर्टरची बॅटरी ‘मेली’? आधी पाणी बघा

गणपतीला आठ दिवस होते आणि शेजारच्या काकींचा इन्व्हर्टर लाईट गेली की चाळीस मिनिटांत टीं-टीं करून झोपायचा. बॅटरी पाच वर्षांची, 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटींची. दुकानदार म्हणाला, गेली, नवी घ्या. काकींनी मला हाक मारली, कारण एसटीच्या डेपोत 29 वर्षं मी बॅटऱ्याच सांभाळल्या.

आधी इन्व्हर्टर बंद केला, प्लग काढला आणि खिडक्या उघडल्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे काकांची विडी अंगणात गेली. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा. वायर सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. कपडे जुने घाला. अ‍ॅसिडचा थेंब आज दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी होती. खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून ती काढली. तेव्हा सहाही बूच घट्ट हवेत, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मारतो. नंतर पुसून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली.

मग बुचं उघडली. सहा सेलपैकी, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांपैकी, दोनमध्ये प्लेटी उघड्या पडलेल्या! डिस्टिल्ड वॉटर घालून प्लेटी जेमतेम बुडवल्या. खुणेपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि अ‍ॅसिड उतू जातं. विहिरीचं, फिल्टरचं, एसीच्या नळीतून टपकणारं पाणी नको.

रात्रभर इन्व्हर्टरवरच चार्ज करून सकाळी हायड्रोमीटर लावला. अ‍ॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे, म्हणजे त्याची ग्रॅव्हिटी, दाखवणारी ही काचेची नळी ऑटो स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळते. हिच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. आकडे आले 1.190, 1.195, 1.185, 1.190, 1.200, 1.190. भरलेल्या ट्यूब्युलरला साधारण 1.240 हवेत. म्हणजे सगळे कमी, पण सहाही जवळजवळ सारखे, आणि माझी आशा त्या सारखेपणावर होती. पाच सेल 1.220 आणि एकच 1.100 असता, तर तो सेल बसला असं समजून मी हात धुतले असते.

सारखे कमी म्हणजे प्लेटींवर सल्फेट धरलंय. बॅटरी बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली की हे होतं. अ‍ॅसिडमधलं सल्फेट प्लेटींवर बसतं, म्हणून ग्रॅव्हिटी उतरते. दारोदार ‘अ‍ॅसिड बदलून देतो’ म्हणत फिरणारे नेमकं उलटं करतात. नवीन अ‍ॅसिड ओतलं की आकडा लगेच चढतो, गिऱ्हाईक खूश, पण सल्फेट जागच्या जागी. वर तीव्र अ‍ॅसिडने प्लेटी लवकर खराब होतात. तुरटी, एप्सम सॉल्ट हे प्रकारही मी करत नाही.

उपाय सावकाश चार्जिंगचा. इन्व्हर्टर ठरावीक व्होल्टेजला हात आखडता घेतो, म्हणून वेगळा चार्जर लावला, 4 अँपिअरवर, दोन दिवस. व्होल्टेज 15 च्या पुढे जातं, सेल खदखदतात, ते चालतं. पण बॅटरीला हात लावून बघत राहा. चटका बसेल इतकी तापली तर बंद करून निवू द्या. रात्री झोपताना मी चार्जर बंदच करायचो. तासातासाने घेतलेले तीन आकडे सारखे आले की थांबायचं.

आकडे 1.225 ते 1.235 वर आले. एक पंखा आणि दोन एलईडी ट्यूब साडेपाच तास चालल्या. नवी असती तर याच्या दुप्पट चालल्या असत्या, पण आरतीला तेवढं पुरलं.

हे सगळं पाणी घालायच्या बॅटरीचं. यूपीएसमधली सीलबंद बॅटरी उघडू नका, आणि मोबाईलची फुगलेली लिथियम बॅटरी तर टोचू-दाबूही नका, आग लागते. बसलेली बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदाराला द्या. शिशाचे पैसे वळते होतात.

काकींनी आता भिंतीवर खडूने पाण्याची तारीख लिहिलीय. खाली काकांसाठी एक सूचनाही आहे, ती इथे देत नाही.